धुळीच्या वर्तुळातून परत आलेला अल्बम

१९९२ साली अमेरिकेत ‘सर्कल ऑफ डस्ट’ नावाचा एक अल्बम प्रसिद्ध झाला. बँडचे नाव आणि अल्बमचे नाव एकच होते. त्यात कारखान्यातील यंत्रांसारखा खडखडाट होता, हेवी मेटलची दणदणीत गिटार होती आणि पावले थिरकवणारा नृत्याचा ठेकाही होता. कंपनी मात्र ख्रिस्ती संगीताच्या बाजारात माल पाठवणारी होती. त्यामुळे या अल्बमची जागा निश्चित होईना. उपासनेचे शांत संगीत ऐकणाऱ्यांना तो गोंगाट वाटे आणि क्लबमध्ये नाचणाऱ्यांना त्यावरील धार्मिक शिक्का खटके. तीन वर्षांनी तो नव्या रूपात पुन्हा निघाला. त्यानंतर कंपनीच बंद पडली आणि अल्बम दुकानांतून नाहीसा झाला. अखेर २०१६ मध्ये तो मूळ निर्मात्याच्या हातून तिसऱ्यांदा श्रोत्यांपुढे आला.

एका अल्बमचे हे तीन जन्म समजून घेण्यासारखे आहेत. श्रद्धेला कोणता नाद शोभतो हा प्रश्न त्यात आहे. आणि ज्याने गाणे रचले, गायले, वाजवले, त्याच्याकडे त्या गाण्याची मालकी असतेच का, हा त्याहून व्यावहारिक प्रश्नही आहे.

कारखान्याचा नाद

‘इंडस्ट्रियल’ या संगीतप्रकाराचे नाव एका कंपनीवरून आले. ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या ब्रिटिश गटाने १९७६ मध्ये लंडनमध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. संगीत म्हणजे सुरेल वाद्यांचा मेळ ही समजूतच या मंडळींना मोडायची होती. टेपचे तुकडे, विकृत केलेले आवाज आणि एकसुरी गुणगुणाट यांतून त्यांनी औद्योगिक समाजाचे कुरूप रूप श्रोत्यांसमोर ठेवले. पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहरात ‘कॅबरे व्होल्तेर’ हा गट याच सुमारास असे प्रयोग करीत होता. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ या गटाने तर पत्रे, लोखंडी सळ्या आणि ड्रिल यंत्रे थेट मंचावर आणली.

सुरुवातीचे हे संगीत नाचण्यासाठी नव्हते. पुढे बेल्जियमच्या ‘फ्रंट २४२’सारख्या गटांनी त्याला ड्रम मशीनचा काटेकोर ठेका दिला. शिकागोतील ‘वॅक्स ट्रॅक्स’ या कंपनीने हा नाद अमेरिकेत रुजवला. ‘मिनिस्ट्री’ने १९८८ पासून त्यात वेगवान मेटल गिटार मिसळली. ‘नाइन इंच नेल्स’च्या १९८९ मधील ‘प्रिटी हेट मशीन’ या अल्बमने तो तळघरातील क्लबांतून बाहेर काढून सर्वसामान्य श्रोत्यांच्या घरात पोहोचवला. ‘मिनिस्ट्री’चा ‘साम ६९’ आणि ‘नाइन इंच नेल्स’चा ‘ब्रोकन’ या गाजलेल्या मुद्रिका १९९२ च्याच. ‘सर्कल ऑफ डस्ट’चा पहिला अल्बम त्याच वर्षीचा आहे. म्हणजे हा अल्बम जुन्या लाटेच्या शेपटीला धरून आलेला नव्हता. लाट ऐन भरात असताना तो तिच्यासोबत निघाला होता.

यंत्राच्या मर्यादेतून घडलेली शैली

या संगीताचे मुख्य वाद्य म्हणजे सॅम्पलर. कोणताही आवाज, मग तो दार आपटण्याचा असो, घणाचा असो वा चित्रपटातील संवादाचा, हे यंत्र अंकांच्या रूपात साठवते. नंतर पेटीच्या पट्टीवर बोट ठेवले की तो आवाज हव्या त्या सुरात आणि हव्या त्या क्षणी उमटतो.

त्या काळच्या सॅम्पलरची ताकद आजच्या मोबाइलच्या तुलनेत अगदीच तोकडी होती. १९८८ मध्ये आलेला ‘आकाई एस १०००’ हा व्यावसायिक दर्जाचा सॅम्पलर मूळ २ मेगाबाइट स्मृतीसह मिळे. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज साठवायचा तर एका सेकंदाला सुमारे १,७६,००० बाइट लागतात. म्हणजे त्या स्मृतीत जेमतेम बारा सेकंदांचा आवाज मावत असे. अधिक स्मृती बसवता येई, पण ती महाग होती.

मर्यादेतूनच शैली घडली. लांब सुरावट साठवणे परवडत नसल्याने अर्ध्या-पाऊण सेकंदाचे तुकडे कापायचे आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवायचे, ही पद्धत रूढ झाली. गिटारचा एक झणका, ड्रमचा एक ठोका, संवादातील एखादा शब्द यांची पुनरावृत्ती होऊ लागली की माणसाच्या हातात असलेली बारीकशी ढिलाई नाहीशी होते आणि यंत्र चालल्याचा भास होतो. इंडस्ट्रियल डान्स-रॉकमध्ये अंगावर येणारा जो ठाशीवपणा जाणवतो, त्याचे एक कारण हे आहे. आणखी एक परिणाम असा की, पूर्वी चार-पाच वादकांना जे काम करावे लागे ते एकटा माणूसही करू शकला.

‘सर्कल ऑफ डस्ट’ हा अशाच एकट्या माणसाचा बँड म्हणता येईल. न्यूयॉर्कचे स्कॉट अल्बर्ट, जे पुढे ‘क्लेटन’ या नावाने ओळखले गेले, हे त्यामागचे रचनाकार, गायक, वादक आणि ध्वनिसंयोजक. प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी सोबतीला वादक असत, परंतु अल्बमचा कणा त्यांनीच उभा केला.

श्रद्धेची वेगळी पेठ

अमेरिकेत ‘ख्रिस्ती संगीत’ हे सुरावटीवरून ओळखण्याचे नाव नाही. ती एक स्वतंत्र बाजारपेठ आहे. लॅरी नॉर्मन यांचा १९६९ मधील ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम ख्रिस्ती रॉकच्या आरंभीच्या अल्बमांपैकी एक मानला जातो. त्यानंतर या संगीताच्या स्वतंत्र कंपन्या, स्वतंत्र रेडिओ केंद्रे, मासिके आणि महोत्सव उभे राहिले. विक्रीचा मोठा भाग धार्मिक पुस्तकांच्या दुकानांतून होई. अशा दुकानात अल्बम ठेवायचा की नाही हे ठरवताना संगीताच्या दर्जाबरोबर शब्द, मुखपृष्ठ आणि कलावंताचे वर्तन हेही पाहिले जाई.

या पेठेच्या भिंती १९९० च्या दशकारंभी हलू लागल्या होत्या. ‘स्ट्रायपर’ या ख्रिस्ती मेटल बँडने त्याआधीच सर्वसाधारण बाजारात मोठी विक्री करून दाखवली होती. एमी ग्रँट यांचे ‘बेबी बेबी’ हे गीत १९९१ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा ते प्रेमगीत असल्याने ख्रिस्ती वर्तुळात बरीच चर्चा झाली. दुसऱ्या टोकाला अगदी लहान कंपन्या पंक, मेटल आणि इंडस्ट्रियल अशा कडव्या प्रकारांत ख्रिस्ती तरुणांचे बँड पुढे आणत होत्या. ‘सर्कल ऑफ डस्ट’चा अल्बम काढणारी ‘आर.ई.एक्स.’ ही त्यांपैकीच एक. कॅलिफोर्नियातील ‘मॉर्टल’ या जोडीचा ‘लुसिस’ हा इंडस्ट्रियल डान्स-रॉक अल्बमही १९९२ चाच. त्या जोडीतील जेरोम फोंतामिलास पुढे ‘स्विचफूट’ या लोकप्रिय बँडमध्ये सामील झाले.

धर्माचा आशय आणि परका वाटणारा साज यांची ही सांगड गोव्यातील वाचकाला सर्वस्वी नवी वाटणार नाही. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी मराठी ओवीचा आश्रय घेतला आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी भजन आणि कीर्तन हे साज त्याच हेतूने आपलेसे केले. फरक इतकाच की, ओवी आणि कीर्तन हे प्रकार भक्तीसाठीच रुळलेले होते. इंडस्ट्रियल संगीताचा उगम मात्र बंडात आणि धर्मसंस्थेच्या उपहासात होता. म्हणून तेथील ताण अधिक होता.

अल्बमचा स्वभाव

‘सर्कल ऑफ डस्ट’ म्हणजे धुळीचे वर्तुळ. माणूस मातीतून घडला आणि मातीतच मिळणार, या बायबलच्या आरंभीच्या विचाराचा प्रतिध्वनी या नावात ऐकू येतो. अल्बममधील गाण्यांची नावेही बोलकी आहेत. ‘रॅशनल लाइज’ म्हणजे तर्कशुद्ध वाटणारी असत्ये. ‘नथिंग सेक्रेड’ म्हणजे काहीच पवित्र उरलेले नाही. ‘वननेमी’ या नावात ‘एक’ आणि ‘शत्रू’ हे दोन इंग्रजी शब्द एकमेकांत गुंफले आहेत.

या नावांत स्तुतिगीताचा प्रसन्न सूर शोधून सापडत नाही. येथे सूर आहे तो आत्मपरीक्षणाचा आणि संतापाचा. श्रद्धावान माणसालाही शंका येते, राग येतो, स्वतःच्या ढोंगाची शिसारी येते. त्या अवस्थेला योग्य असा नाद क्लेटन यांना यंत्रांच्या खडखडाटात मिळाला, असे हा अल्बम ऐकताना वाटते. विकृत केलेला मानवी आवाज, त्यामागे मेटलची दाट गिटार आणि त्याखाली नृत्याचा न चुकणारा ठेका, अशी त्याची बांधणी आहे. मधूनच संवादांचे तुकडे येतात. ऐकणाऱ्याला पाय हलवावेसे वाटतात आणि त्याच वेळी अस्वस्थही व्हायला होते.

याच विसंगतीमुळे अल्बमला मोजका पण निष्ठावान श्रोता मिळाला. धार्मिक कुटुंबांत वाढलेल्या ज्या मुलांना घरात ‘मिनिस्ट्री’ ऐकण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी हा त्या प्रकारचा नाद मिळण्याचा एक मार्ग होता. पर्याय म्हणून हाती आलेली वस्तू पुढे त्यांची स्वतःची आवड होऊन बसली.

दुसरा जन्म आणि अज्ञातवास

पहिल्या आवृत्तीनंतर क्लेटन स्वस्थ बसले नाहीत. ‘ब्रेनचाइल्ड’ या वेगळ्या नावाने त्यांनी १९९२ मध्येच ‘माइंडवॉर्प’ काढला, १९९३ मध्ये ‘मेटामॉर्फोसिस’ आला आणि १९९५ मध्ये ‘आर्गाइल पार्क’ या संयुक्त उपक्रमाचा ‘मिसगायडेड’ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पहिला अल्बमही नव्याने घडवलेल्या रूपात पुन्हा आला. जुन्या गाण्यांवर पुन्हा काम झाले होते आणि काही नवी सामग्री जोडलेली होती. त्यामुळे ‘सर्कल ऑफ डस्ट’ हे नाव घेतले तर १९९२ चा अल्बम की १९९५ चा, असे आजही रसिक एकमेकांना विचारतात.

‘आर.ई.एक्स.’ ही कंपनी आर्थिक अडचणींमुळे १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर बंद पडली. क्लेटन यांनी १९९८ मध्ये दुसऱ्या कंपनीतर्फे ‘डिसएंगेज’ हा अल्बम काढला आणि ‘सर्कल ऑफ डस्ट’ थांबवले. ‘अलिप्त होणे’ या अर्थाचे ते नाव निरोपाला साजेसे होते. ख्रिस्ती संगीताच्या पेठेपासूनही ते दूर झाले. त्याच सुमारास ते जादूगार क्रिस एंजल यांच्या प्रयोगांसाठी संगीत करीत होते. २००३ मध्ये ‘सेलड्वेलर’ या नावाने त्यांचा नवा अल्बम आला आणि त्यातील गाणी चित्रपट, दूरचित्रवाणी व व्हिडिओ गेम यांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. २००६ मध्ये त्यांनी ‘फिक्स्ट’ ही स्वतःची कंपनी स्थापन केली.

क्लेटन यांचे नाव वाढत होते, पण त्यांचे पहिले काम मात्र बाजारात मिळत नव्हते. ज्याने ते घडवले त्यालाही ते पुन्हा प्रसिद्ध करता येत नव्हते. हे कसे घडते?

एका गाण्याच्या दोन मालक्या

मुद्रित गाण्यात कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचे एक विशिष्ट ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवसायात ‘मास्टर’ म्हणतात. एकाच अभंगाची दहा गायकांनी दहा मुद्रणे केली तर रचना एक राहते आणि मास्टर दहा होतात. प्रत्येक मास्टरचा मालक वेगळा असू शकतो.

नवा कलावंत कंपनीशी करार करतो तेव्हा कंपनी स्टुडिओचा खर्च, छपाई आणि वितरण यांची जबाबदारी घेते. त्या बदल्यात मास्टरची मालकी सहसा तिच्याकडे जाते. कंपनी चालू असते तोवर याचे फारसे काही वाटत नाही. ती बुडाली की मास्टर हे टेबल-खुर्च्यांप्रमाणे तिच्या मालमत्तेचा भाग ठरतात. ते धनको किंवा नवा खरेदीदार यांच्याकडे जातात. नव्या मालकाला त्या संगीतात रस नसेल तर ते कपाटात पडून राहते. पुन्हा प्रसिद्ध करण्याचे बंधन त्याच्यावर नसते आणि कलावंताने स्वतः ते प्रसिद्ध केले तर तो हक्कभंग ठरतो.

तीच गाणी नव्याने मुद्रित करणे हा एक मार्ग असतो. मात्र काही वर्षे तसे न करण्याची अट बहुतेक करारांत असते. गायिका टेलर स्विफ्ट यांच्यामुळे हा विषय जगभर चर्चिला गेला. त्यांच्या पहिल्या सहा अल्बमांचे मास्टर २०१९ मध्ये कंपनीसह विकले गेले, तेव्हा त्यांनी २०२१ पासून जुने अल्बम पुन्हा गाऊन प्रसिद्ध केले आणि २०२५ मध्ये मूळ मास्टरही विकत घेतले. परंतु लाखोंचे चाहते आणि अमाप पैसा पाठीशी असणाऱ्या कलावंताला जे शक्य होते, ते लहान बँडला शक्य होत नाही. शिवाय सॅम्पलरवर उभ्या असलेल्या संगीताचे पुनर्मुद्रण अधिकच अवघड. त्यातील विशिष्ट तुकडे, त्या यंत्राचा खरखरीत पोत आणि चुकून साधलेले परिणाम पुन्हा तसेच जमत नाहीत.

अमेरिकी कायद्यात आणखी एक दार आहे. १९७८ पासून पुढे हक्क हस्तांतरित केलेल्या कलावंताला साधारणतः ३५ वर्षांनी, आगाऊ नोटीस देऊन, ते हस्तांतरण रद्द करता येते. १९९२ च्या सुमाराच्या करारांना ही संधी २०२७ च्या आसपास मिळते. मुद्रण हे ‘नोकरीचा भाग म्हणून केलेले काम’ ठरले तर मात्र हा अधिकार मिळत नाही, आणि कंपन्या अनेकदा तसाच दावा करतात.

क्लेटन यांना तेवढे थांबावे लागले नाही. आपल्या जुन्या अल्बमांचे हक्क त्यांनी कायदेशीररीत्या परत मिळवले आणि २०१६ मध्ये ‘फिक्स्ट’तर्फे ते क्रमाक्रमाने पुन्हा प्रसिद्ध केले. प्रत्येक अल्बमचे नव्याने मास्टरिंग झाले. मास्टरिंग म्हणजे तयार मिश्रणावरील अखेरचा हात. उच्च-नीच स्वरांचा तोल, गाण्यागाण्यांतील आवाजाची पातळी आणि एकूण उठाव त्यात ठरतो. जुन्या टेप व कच्ची मुद्रणेही श्रोत्यांना उपलब्ध झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘मशीन्स ऑफ अवर डिसग्रेस’ हा ‘सर्कल ऑफ डस्ट’चा नवा अल्बम आला. अठरा वर्षे बंद असलेला बँड जुने काम हाती येताच पुन्हा सुरू झाला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

आपल्याकडील कायदा

भारतातही ध्वनिमुद्रणाचा हक्क मूलतः निर्मात्याचा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे त्याचा निर्माता. गायक किंवा वादक नव्हे. प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र कलावंतांची बाजू बळकट केली. गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा आता कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. तो केवळ वारसाला किंवा हक्क सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो. सादरकर्त्यांनाही व्यावसायिक वापरासाठी स्वामित्वधन मिळण्याची तरतूद झाली.

हस्तांतरणाच्या करारासंबंधी तीन तरतुदी विशेष उपयोगी आहेत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही तर, करारात वेगळे म्हटलेले नसल्यास, हस्तांतरण संपुष्टात येते. कपाटात गाणी पडून राहण्यावरचा हा उतारा आहे. पण ‘वेगळे म्हटलेले नसल्यास’ हे शब्द महत्त्वाचे. छापील करारात कंपनीला सोयीचे ते वेगळे बहुधा म्हटलेलेच असते.

भजनी मंडळ असो, नाट्यगीतांचा गायक असो वा तियात्रातील कांतारकार, स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधी मास्टर कोणाच्या नावे राहणार, किती काळ राहणार आणि कंपनी बंद पडल्यास ते परत मिळणार का, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी घेणे त्याच्या हिताचे आहे. ‘सर्कल ऑफ डस्ट’चा पहिला अल्बम परत मिळाला, कारण त्याचा निर्माता दोन दशकांनंतरही त्याच व्यवसायात पाय रोवून उभा होता आणि स्वतःची कंपनी चालवत होता. त्याच काळात बंद पडलेल्या लहान कंपन्यांच्या अनेक मुद्रिका ज्यांनी घडवल्या, ते कलावंत एव्हाना दुसऱ्याच कामाला लागले आहेत. त्यांच्या टेप कोणाच्या कपाटात आहेत, हे विचारणारेही आता फारसे कोणी उरलेले नाही.